काटकसरी एंजिनाचा जनक

पंपावर मालमोटार येऊन थांबते. चालक टाकीचे झाकण उघडतो, डिझेल भरून घेतो, पैसे देतो आणि पुढच्या मुक्कामाकडे निघून जातो. दिवसातून कितीतरी वेळा उच्चारला जाणारा 'डिझेल' हा शब्द म्हणजे मुळात एका माणसाचे आडनाव आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. मालमोटारी ज्या तेलावर चालतात त्या तेलाला, आणि ज्या एंजिनात ते तेल जळते त्या एंजिनालाही, रुडॉल्फ डिझेल या जर्मन एंजिनिअराचे नाव मिळाले आहे. या माणसाने आयुष्यभर एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता. इंधनाचा अपव्यय थांबवावा आणि थोड्या इंधनात अधिक काम करून घ्यावे, ही ती गोष्ट होय.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. त्याचे आईवडील मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातले. वडील पुस्तकबांधणीचे काम शिकलेले होते व पॅरिसमध्ये त्यांचा कातडी वस्तू बनविण्याचा लहानसा कारखाना होता. घरची स्थिती बेताची असल्यामुळे मुलालाही कामाला हातभार लावावा लागे. तयार झालेल्या वस्तू हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचविण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. पुढे ज्याच्या एंजिनावर जगातील अवजड माल वाहिला जाणार होता, त्याने बाळपणी स्वतःच्या बळावर मालाची गाडी ओढली होती! पॅरिसमध्ये यंत्रांचे एक मोठे संग्रहालय होते. तोफा ओढून नेण्यासाठी अठराव्या शतकात बनविलेली एक वाफेची गाडी तेथे ठेवलेली होती. कामातून सवड मिळाली की रुडॉल्फ या संग्रहालयात जाई व तेथील यंत्रे न्याहाळीत राही.

१८७० साली फ्रान्स आणि जर्मन राज्ये यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमध्ये राहणाऱ्या जर्मन लोकांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब घरदार व कारखाना मागे टाकून लंडनला गेले. परक्या शहरात मुलाच्या शिक्षणाची सोय होणे कठीण होते. म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. त्या घरचे यजमान बार्निकेल हे तेथील उद्योगशाळेत गणित शिकवीत असत. आईवडिलांपासून दूर राहिलेल्या या मुलाने मन अभ्यासात गुंतविले. चौदाव्या वर्षीच त्याने आपण एंजिनिअर होणार असे आईवडिलांना पत्राने कळविले. परीक्षेत तो वर्गात पहिला आला व म्यूनिक येथील तंत्रविद्यालयात शिकण्यासाठी त्याला शिष्यवृत्ती मिळाली.

म्यूनिकला कार्ल फॉन लिंडे हे नामांकित प्राध्यापक उष्णतेचे शास्त्र शिकवीत. कृत्रिम बर्फ तयार करण्याच्या यंत्रांविषयी त्यांची मोठी ख्याती होती. एके दिवशी वाफेच्या एंजिनाविषयी बोलताना त्यांनी सांगितले, की कोळशापासून जेवढी उष्णता मिळते तिच्यापैकी फार तर दहावा हिस्सा उपयोगी पडतो. बाकीची सारी उष्णता वाया जाते. हे ऐकून रुडॉल्फ चकित झाला. शंभर टोपल्या कोळसा खाणीतून खणून काढावा, तो दूरवर वाहून न्यावा, भट्टीत घालावा, आणि त्यातील नव्वद टोपल्यांची उष्णता हवेत सोडून द्यावी, असाच हा व्यवहार होता. याहून चांगले एंजिन करता येईल काय, याचा अभ्यास करावयाचा आहे, अशी नोंद त्याने आपल्या वहीच्या समासात करून ठेवली. त्या छोट्याशा नोंदीने त्याच्या आयुष्याची दिशा ठरवून टाकली.

शेवटच्या परीक्षेच्या वेळी रुडॉल्फ विषमज्वराने आजारी पडला. परीक्षा हुकली, तरी त्याने तो काळ वाया दवडला नाही. बरे वाटताच तो स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथील एका यंत्रांच्या कारखान्यात गेला व तेथे त्याने हाताने काम करण्याचा अनुभव घेतला. १८८० मध्ये परीक्षा देऊन तो उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला. लिंडे यांनी त्याला पॅरिस येथील आपल्या बर्फाच्या कारखान्यात नेमले. १८८३ मध्ये त्याचा विवाह झाला व पुढे त्याला तीन मुले झाली. नोकरी सांभाळून तो आपल्या स्वप्नातील एंजिनाचे प्रयोग करीत असे. आरंभी वाफेऐवजी अमोनिया वायूवर एंजिन चालविण्याची खटपट त्याने अनेक वर्षे केली. तीत यश आले नाही. पण या खटपटीतून त्याला एक निराळीच वाट दिसू लागली.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही पाहिले असेल. हवा कोंडून दाबली की तापते. ती फारच जोराने दाबली तर इतकी तापते, की तिच्यात टाकलेले तेल काडी न लावता आपोआप पेट घेते. डिझेलने आपले एंजिन याच नियमावर उभे करण्याचे ठरविले. बंद नळकांड्यात दट्ट्याने केवळ हवा दाबावयाची, ती तापून लाल निखाऱ्याइतकी उष्ण झाली की तिच्यात तेलाचा बारीक फवारा सोडावयाचा. तेल जळते, वायू फुगतात आणि दट्ट्याला जोराने मागे लोटतात. हवा जितकी अधिक दाबावी तितके तेलाच्या उष्णतेतून अधिक काम मिळते. पेट्रोलच्या एंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण एकत्र दाबले जाते. ते फार दाबले तर अवेळी पेट घेते. डिझेलच्या एंजिनात आधी नुसती हवाच दाबली जात असल्यामुळे ही अडचण राहत नाही. त्याच्या काटकसरीचे मुख्य रहस्य यात आहे.

१८९२ मध्ये डिझेलने या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी एक पुस्तक लिहून ती विद्वानांपुढे मांडली. पुष्कळांना ती अशक्य वाटली. एवढा दाब सहन करणारे नळकांडे कोण बनविणार, असा त्यांचा प्रश्न होता. तथापि आउग्सबुर्ग येथील यंत्र कारखान्याचे संचालक हाइनरिश फॉन बुत्स यांनी या तरुण संशोधकावर विश्वास ठेवला. प्रसिद्ध क्रुप कारखान्यानेही पैशाचे साहाय्य केले. ज्या गावात तो पोरवयात एकटा शिकावयास आला होता, त्याच गावी त्याचे प्रयोग सुरू झाले.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या एंजिनाची परीक्षा घेण्यात आली. तेल आत जाताच प्रचंड स्फोट झाला आणि दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. डिझेल व त्याचे सोबती थोडक्यात बचावले. एखाद्याने या धंद्याचा नादच सोडून दिला असता. परंतु डिझेलने त्या स्फोटातही आपल्याला हवे ते पाहिले. दाबलेल्या हवेने तेल पेटते, ही गोष्ट सिद्ध झाली होती! त्याने यंत्रात सुधारणा केल्या. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी दुसऱ्यांदा बांधलेले एंजिन आपल्या स्वतःच्या बळावर चालले. किती वेळ? केवळ एक मिनिटभर. जवळ उभ्या असलेल्या कारागिराने ही गोष्ट ओळखली व एक शब्दही न बोलता आपल्या डोक्यावरील टोपी काढली, असे सांगतात.

त्या एका मिनिटापासून भरवशाच्या एंजिनापर्यंत पोचावयास आणखी तीन वर्षे लागली. १८९७ च्या फेब्रुवारी महिन्यात म्यूनिकचे प्राध्यापक श्र्योटर यांनी नव्या एंजिनाची रीतसर तपासणी केली. सुमारे वीस अश्वशक्तीचे ते एंजिन माणसाहून उंच होते. तेलाच्या उष्णतेपैकी शेकडा २६ हून अधिक भाग ते कामात आणीत होते. उत्तम वाफेच्या एंजिनापेक्षाही हे प्रमाण दुपटीहून जास्त होते. वहीच्या समासातील प्रश्नाचे उत्तर एकोणतिसाव्या नव्हे, तर एकोणचाळिसाव्या वर्षी डिझेलच्या हाती आले.

आता कीर्ती आणि संपत्ती दोन्ही धावत आल्या. देशोदेशीच्या कारखान्यांनी त्याचे एंजिन बनविण्याचे हक्क विकत घेतले आणि डिझेल लक्षाधीश झाला. १८९८ मध्ये केम्प्टन या गावी काडेपेट्यांच्या कारखान्यात त्याचे एंजिन बसविण्यात आले. ज्या एंजिनाला पेटण्यासाठी काडीची गरज नाही, ते काड्या बनविण्याच्या कामी लागले!

पण खरी कसोटी पुढेच होती. प्रयोगशाळेत निष्णात लोकांच्या देखरेखीखाली उत्तम चालणारे एंजिन बाहेरच्या कारखान्यांत गेल्यावर वारंवार बंद पडू लागले. कोठे फवारा सोडणारी छिद्रे घाणीने बुजत, कोठे झडपा नीट बसत नसत, कोठे दट्ट्याच्या बाजूने हवा निसटून जाई. काही गिऱ्हाइकांनी तर एंजिने परत केली. आउग्सबुर्गमध्ये डिझेलच्या नावाने निघालेला स्वतंत्र कारखानाही टिकला नाही. एंजिनाचे तत्त्व खोटे नव्हते. ज्या एंजिनाचे सारे सामर्थ्य हवा घट्ट कोंडण्यात आहे, त्यात केसाएवढी फट राहिली तरी ते सामर्थ्य निघून जाते. या एंजिनाला अचूक घडण आणि नित्य निगा या दोहोंची गरज होती, आणि तेवढी दक्षता घेण्याची सवय लोकांना अजून लागलेली नव्हती. अतिश्रमाने व काळजीने डिझेलची प्रकृती ढासळली व त्याला विश्रांतीसाठी आरोग्यधामात राहावे लागले.

हळूहळू कारागीर तयार झाले आणि एंजिनातील दोषही दूर होत गेले. १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेलच्या पद्धतीचे एक लहान एंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. जेथे खनिज तेल मिळत नाही, तेथील शेतकऱ्याने आपल्या शेतातील तेलावर यंत्र चालवावे, ही कल्पना डिझेलला फार प्रिय होती. मोठमोठ्या गिरण्यांपुढे लहान कारागीर बुडू नयेत, त्यांनाही स्वस्त शक्ती मिळावी, असे त्याला मनापासून वाटे. १९१२ मध्ये 'सेलांडिया' हे डेन्मार्कमध्ये बांधलेले जहाज डिझेल एंजिनांच्या बळावर थेट बँकॉकपर्यंत गेले. बॉयलरात कोळसा लोटणाऱ्या माणसांचा ताफा त्यावर लागला नाही.

जहाज चालले, गिरण्या चालल्या. परंतु रस्त्यावरील मालमोटार मात्र डिझेलला साधली नाही. १९०८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील साऊरर कारखान्याच्या साहाय्याने त्याने मालमोटारीसाठी लहान एंजिन तयार करण्याचा प्रयत्न केला. त्या काळी नळकांड्यात तेल फुंकण्यासाठी अतिशय दाबलेली हवा लागे व ती दाबण्यासाठी एंजिनाला एक वेगळे यंत्र जोडावे लागे. जहाजाला त्याचे ओझे वाटत नसे. मालमोटारीला मात्र ते पेलण्यासारखे नव्हते. हातगाडी ओढणाऱ्या मुलाचे हे स्वप्न त्याच्या हयातीत अपुरेच राहिले.

आणखीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या डिझेलला स्वतःच्या पैशाचा हिशेब ठेवता आला नाही. पेटंटविषयीचे तंटे, जमिनींचे व तेलखाणींचे फसलेले व्यवहार यांत त्याची संपत्ती विरून गेली. कर्ज वाढले, तरी बाहेरच्या जगाला त्याची कल्पना नव्हती. २९ सप्टेंबर १९१३ रोजी तो इंग्लंडला जाण्यासाठी अँटवर्प बंदरात 'ड्रेस्डेन' नावाच्या बोटीवर चढला. रात्रीचे जेवण झाल्यावर सकाळी लवकर उठविण्यास सांगून तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह आढळला. त्याच्याजवळच्या वस्तू मुलाने ओळखल्या, तेव्हा डिझेलच्या मृत्यूची खात्री पटली. हे कसे घडले याविषयी अनेक तर्क झाले. निश्चित उत्तर आजवर मिळालेले नाही. मृत्युसमयी त्याचे वय पंचावन्न वर्षांचे होते.

त्याचे अपुरे काम इतरांनी पुढे नेले. दाबलेल्या हवेऐवजी पंपाने तेलाचा फवारा सोडण्याची युक्ती साधली आणि ते अवजड यंत्र गळून पडले. १९२३ मध्ये जर्मनीतील बेन्झ कारखान्याने डिझेल एंजिनाची मालमोटार रस्त्यावर आणली. तशाच पेट्रोलच्या मालमोटारीपेक्षा तिला सुमारे चौथाई इंधन कमी लागले. पुढच्या वर्षी आउग्सबुर्गच्या कारखान्यानेही, जेथे ते पहिले एंजिन एक मिनिट चालले होते तेथेच, आपली डिझेल मालमोटार तयार केली. १९२७ पासून बॉश कारखान्याचे तेलाचे पंप मोठ्या संख्येने निघू लागले व या मालमोटारींचा प्रसार झपाट्याने झाला. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना झाली, आणि विहिरींवर पाणी उपसणारी डिझेल एंजिने महाराष्ट्राच्या खेड्यांत दिसू लागली. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यातून जर्मन कारखान्याच्या सहकार्याने डिझेल मालमोटारी बाहेर पडल्या.

आजची मालमोटारीची एंजिने इंधनाच्या उष्णतेपैकी शेकडा चाळीस किंवा त्याहूनही अधिक भाग कामात आणतात. पण केम्प्टनच्या काळी जो नियम होता तो आजही बदललेला नाही. एंजिन काटकसरी असले, तरी त्याची काटकसर रोज राखावी लागते. हवेची गाळणी धुळीने भरली तर एंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही. तेल अर्धवट जळते आणि धुराड्यातून काळा धूर निघतो. तो काळा धूर म्हणजे विकत घेऊन फेकून दिलेले इंधन होय, आणि ते लोकांच्या छातीत शिरून अपायही करते. डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा गेला तर फवारा बिघडतो. दट्ट्यावरील रिंगा झिजल्या तर दाब निसटतो. टायरात हवा कमी असली तर चाक जड चालते. उभी मालमोटार उगीच चालू ठेवली तर मोठे एंजिन तासाला लिटरभराहून अधिक डिझेल पिऊन टाकते, आणि गाडी मात्र तसूभरही पुढे जात नाही.

हा हिशेब तुम्हीही करून पाहू शकाल. समजा, एक मालमोटार लिटरला पाच किलोमीटर जाते आणि वर्षात साठ हजार किलोमीटर धावते. तिला वर्षाला बारा हजार लिटर डिझेल लागेल. नीट निगा ठेवून शेकडा पाच भाग जरी वाचविला, तरी सहाशे लिटरांची बचत होईल. तेवढ्या डिझेलवर तीच मालमोटार आणखी तीन हजार किलोमीटर धावू शकेल! पहाटे उठून टायर तपासणारा क्लीनर, गाळणी वेळेवर साफ करणारा मेस्त्री आणि घाई न करता एकसारख्या वेगाने गाडी हाकणारा चालक, ही माणसे कोणत्याही प्रयोगशाळेत काम करीत नाहीत. तरीही लिंडे यांच्या वर्गात एका विद्यार्थ्याने समासात लिहून ठेवलेले काम तीच रोज पुढे चालवीत असतात.

यापुढे रस्त्याने जाणारी मालमोटार पाहाल, तेव्हा तिच्या धुराकडे क्षणभर लक्ष द्या. तो काळाकुट्ट असेल तर समजावे, की एंजिन चांगले असूनही त्याची निगा राहिलेली नाही. आणि धूर दिसतही नसेल, एंजिनाचा आवाज एकसारखा येत असेल, तर तेथे कोणी तरी दक्ष माणूस आहे असे खुशाल समजावे. रुडॉल्फ डिझेलला ते एंजिन ऐकून निश्चित समाधान वाटले असते.